मिनिमाइझचं बटण गेलं : परत कसं आणायचं, आणि त्याआधी काय तपासायचं

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. ऑफिसातले संगणक विंडोजवरून लिनक्सवर नेले, डेस्कटॉप ग्नोमचा आहे (लिनक्सवर खिडक्या, पट्ट्या, मेनू दाखवणारं सॉफ्टवेअर), आणि आता खिडकीच्या कोपऱ्यात नुसती फुली दिसते. मिनिमाइझ आणि मॅक्सिमाइझ दोन्ही गायब. त्यात हिशेबाच्या अ‍ॅपच्या नव्या आवृत्तीने वरची टायटल बारच काढून टाकली आणि तिथे टॅब व शोधायची चौकट बसवली, त्यामुळे खिडकी धरून सरकवायची कुठून हेच कळत नाही. सहकारी दिवसभर तुम्हाला हाका मारतात. वरिष्ठ म्हणतात, ‘सवय होईल.’ आणि तुम्हाला प्रश्न पडलाय की आपणच बदलाला नाही म्हणतोय, की खरंच काहीतरी बिघडलंय.

मी बरीच वर्षं ऑफिसांमधले डेस्कटॉप बसवायचं, बदलायचं आणि बदलल्यानंतरच्या तक्रारी निस्तरायचं काम करतो. त्या अनुभवावरून आधी सरळ उत्तर देतो. तुमच्या लोकांची तक्रार खरी आहे. ग्नोमने लपवलेली बटणं पाच मिनिटांत परत येतात. हिशेबाच्या अ‍ॅपचं मात्र मी आत्ता ठामपणे सांगू शकत नाही. ते अ‍ॅप कसं बांधलंय यावर अवलंबून आहे. आणि बटण परत आणलं म्हणजे तक्रार मिटली असंही नाही. नुसतं बटण आणलंत आणि बाकी काही केलं नाहीत, तर पुढच्या आठवड्यात दुसरीच तक्रार तुमच्या टेबलावर येईल. ती कोणती ते पुढे सांगतो.

खरा प्रश्न असा आहे की खिडकीच्या वरच्या पट्टीवर हक्क कोणाचा. पूर्वी उत्तर सोपं होतं. अ‍ॅप फक्त खिडकीच्या आतला भाग रंगवायचं. बाहेरची चौकट, वरची पट्टी, त्यावरची बटणं हे सगळं डेस्कटॉप काढायचा. त्यामुळे अ‍ॅप कोणाचंही असो, खिडकी लहान करायची, मोठी करायची, बंद करायची जागा एकच. अ‍ॅप अडकलं, प्रतिसाद देईना, तरी चौकट डेस्कटॉपच्या हातात असल्यामुळे खिडकी बाजूला तरी करता यायची. नंतर अ‍ॅप्स ती पट्टी स्वतःच काढायला लागली. क्रोम २००८ मध्ये आला तो टॅब थेट वरच्या पट्टीत घेऊनच. ग्नोमने २०१३ च्या ३.१० आवृत्तीपासून स्वतःच्या अ‍ॅप्समध्ये टायटल बार आणि टूलबार एकत्र करून एकच जाडसर पट्टी केली, तिला हेडर बार म्हणतात. वेब तंत्रावर बांधलेली डेस्कटॉप अ‍ॅप्स तर सर्रास स्वतःची पट्टी घेऊन येतात. आता तुमच्या पडद्यावर पाच खिडक्या असतील तर पाचही पट्ट्यांचं वागणं वेगळं असू शकतं.

म्हणून कुठल्याही सेटिंगला हात लावण्याआधी बघा की बटण काढलं कोणी. एकमेकांशी संबंध नसलेली तीन-चार अ‍ॅप्स उघडा. सगळ्यांतच बटण नसेल तर तो डेस्कटॉपचा निर्णय आहे. एकातच नसेल तर त्या अ‍ॅपचा. मग त्या खिडकीत असताना ऑल्ट आणि स्पेस एकदम दाबा. खिडकीचा मेनू उघडला आणि त्यात लहान करणं, मोठी करणं, सरकवणं हे पर्याय चालू दिसले, तर नुसतं बटण लपलंय, क्रिया शाबूत आहे. मेनू उघडला पण तो पर्याय फिका असेल, तर अ‍ॅपने ती क्रियाच नाकारली आहे. छोट्या संवादचौकटीत हे योग्यच असतं. ‘जतन करायचं का?’ असं विचारणारी चौकट खाली घालवून लोक विसरले तर घोटाळा होतो. पण मुख्य खिडकीत ती क्रिया नाकारलेली असेल तर तो दोषच, आणि तो अ‍ॅप बनवणाऱ्यांपर्यंत पोहोचवायला हवा. मेनू उघडलाच नाही तर बहुधा अ‍ॅपने स्वतःची पट्टी काढताना डेस्कटॉपशी नीट जोडणी केलेली नाही.

आता ‘सवय होईल’ याबद्दल. हे वाक्य मी पुष्कळ ऐकलंय, आणि ते अर्धवट खरं असल्यामुळेच जास्त त्रास देतं.

अशाच एका बदलानंतर मी हिशेबाचं काम करणाऱ्या एका बाईंच्या शेजारी बसून नुसतं पाहत होतो. वरच्या खिडकीत बँकेचं स्टेटमेंट, तिच्या मागच्या खिडकीत नोंदी. एक आकडा वाचायचा, तोंडातल्या तोंडात म्हणायचा, वरची खिडकी खाली घालवायची, मागच्या खिडकीत तो टाकायचा. वर्षानुवर्षांची लय होती ती. आकडा वाचला की त्यांचा हात माउस उजवीकडे वर भिरकावायचा, न बघता. विंडोजमध्ये खिडकी पूर्ण मोठी केलेली असली की फुली अगदी पडद्याच्या कोपऱ्याला टेकलेली असते आणि तिच्या डावीकडे बाकीची दोन बटणं. कोपऱ्याच्या पलीकडे बाण जातच नाही, म्हणून तिथे नेम धरावा लागत नाही. हात तिथवर नेऊन जरा मागे घेतला की मिनिमाइझ. ग्नोममध्ये पडद्याच्या माथ्यावर डेस्कटॉपची स्वतःची काळी पट्टी असते आणि उजव्या कोपऱ्यात आवाज, नेटवर्क, बॅटरी यांचा मेनू. बाईंचा बाण तिथे गेला, क्लिक झालं, आवाजाची पट्टी उघडली. त्यांनी ती बंद केली, खिडकीचा कोपरा शोधला, तिथे नुसती फुली. हात थांबला. मग त्या स्क्रीनकडे बघत म्हणाल्या, ‘आकडा काय होता?’

तुमच्या वरिष्ठांना नेमकं हेच दाखवा. मोजायला गेलं तर त्यात तीन-चार सेकंद गेले. पण खरं नुकसान सेकंदांचं नव्हतं, डोक्यात धरलेला आकडा सुटला. हाताला पाठ झालेल्या हालचालीला लक्ष द्यावं लागत नाही, म्हणून सगळं लक्ष कामावर राहतं. ती हालचाल अडली की लक्ष कामावरून उठून खिडकीवर जातं, आणि परत येताना काहीतरी मागे राहतं. दिवसातून शेकडो वेळा करायच्या हालचालीचं असं झालं तर माणूस संध्याकाळी दमतो आणि का दमला हे त्याला सांगता येत नाही. तो एवढंच म्हणतो, ‘हे नवीन काही बरोबर नाही.’ वरिष्ठांना ती कुरकुर वाटते.

पॉल फिट्स या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये दाखवलं होतं की एखाद्या जागी हात पोहोचायला लागणारा वेळ त्या जागेच्या अंतरावर आणि आकारावर ठरतो : लांब आणि लहान असेल तर वेळ जास्त, जवळ आणि मोठी असेल तर कमी. पडद्याची कड आणि कोपरा बाणाला अडवतात, म्हणून तिथलं बटण आकाराने लहान असलं तरी हाताच्या दृष्टीने फार मोठं असतं. कोपऱ्यातलं बटण कोपऱ्यापासून थोडंसं खाली सरकवलं, तर चित्रात फरक दिसतही नाही, पण हाताला तो लगेच कळतो. ‘सवय होईल’ म्हणणाऱ्यांच्या हे लक्षात येत नाही. जागा बदलली तर सवय होते. जागा मुळातच अवघड झाली असेल तर सवय होऊनही ती अवघडच राहते.

बटणं काढणाऱ्यांची बाजूही सांगितली पाहिजे, कारण ती समजल्याशिवाय तुम्ही चुकीची दुरुस्ती कराल. ग्नोम ३ एप्रिल २०११ मध्ये आलं तेव्हा खालची खिडक्यांची यादी, म्हणजे आपण ज्याला टास्कबार म्हणतो ती, त्यांनी काढून टाकली होती. खिडक्या एकमेकींवर रचून खाली-वर करण्यापेक्षा कामागणिक वेगळा पडदा ठेवावा, आणि सगळं एकदम बघायचं असेल तर विंडोज चिन्हाची की दाबून पूर्ण आढावा घ्यावा, अशी त्यांची कल्पना. टास्कबारच नाही, तर खिडकी खाली घालवून जाणार कुठे? म्हणून मिनिमाइझ काढलं. खिडकी वरच्या कडेला नेऊन सोडली किंवा पट्टीवर दोनदा क्लिक केलं की ती मोठी होते, म्हणून मॅक्सिमाइझही काढलं. विचार सुसंगत आहे. नव्याने शिकणाऱ्याला तो मानवतोही. मी स्वतः घरच्या संगणकावर त्याच पद्धतीने काम करतो आणि मला ती आवडते. चूक झाली ती हा विचार वीस-वीस वर्षं दुसऱ्या पद्धतीने काम केलेल्या हातांवर एका अपडेटने लादण्यात. त्या वर्षी लिनक्सचा कर्ता लिनस टोरवाल्ड्सनेही ग्नोम ३ वर जाहीर टीका केली आणि काही काळ एक्सएफसीई हा दुसरा डेस्कटॉप वापरायला घेतला. जुन्या ग्नोमचा धागा पुढे चालवायला माटे हा वेगळा डेस्कटॉपही तेव्हाच उभा राहिला. म्हणजे संगणकात मुरलेल्या माणसांनाही हेच झालं होतं, हे तुमच्या सहकाऱ्यांना जरूर सांगा. त्यांना वाटत असतं की आपण मागासलेले आहोत.

हे फक्त लिनक्सचं दुखणं नाही. विंडोज ८ ऑक्टोबर २०१२ मध्ये आलं तेव्हा स्टार्टचं बटण गेलं होतं, आणि नव्या पद्धतीच्या पूर्ण पडद्याच्या अ‍ॅप्सना फुलीच नव्हती; ती वरच्या कडेला धरून थेट खालच्या कडेपर्यंत ओढली की बंद व्हायची. बोटाने स्पर्श करायच्या पडद्यावर ते ठीक होतं, माउसवाल्यांना ते सुचणंच शक्य नव्हतं. पुढच्या वर्षी ८.१ मध्ये स्टार्टचं बटण आलं. एप्रिल २०१४ च्या अपडेटमध्ये त्या अ‍ॅप्सनाही, माउस वर नेला की दिसणारी, मिनिमाइझ आणि फुली असलेली पट्टी मिळाली. उबुंटूने (लिनक्सचं एक वितरण, म्हणजे तयार संच) एप्रिल २०१० मध्ये सगळी बटणं उजवीकडून डावीकडे नेली. ती २०१७ च्या ऑक्टोबरात परत उजवीकडे आली. मॅकमध्ये २०१४ च्या योसेमिटी आवृत्तीपासून हिरवं बटण खिडकी मोठी करण्याऐवजी पूर्ण पडदा व्यापायला लागलं, आणि ते अजूनही तसंच आहे. ऑप्शन की दाबून क्लिक केलं तर जुनं वागणं मिळतं. म्हणजे ‘ओरड झाली की परत आणतात’ असा काही नियम नाही. कधी वर्ष-दीड वर्षात, कधी सात वर्षांनी, कधी कधीच नाही. त्यांच्या भरवशावर ऑफिस चालवू नका.

याच्या उलट एक जुनं उदाहरण मला फार महत्त्वाचं वाटतं. विंडोज ३.१ मध्ये खिडकी बंद करायला डाव्या कोपऱ्यातल्या चौकोनावर दोनदा क्लिक करावं लागायचं. १९९५ च्या विंडोज ९५ मध्ये फुली उजवीकडे आली आणि तीच रूढ झाली. पण डावीकडची जुनी हालचाल त्यांनी मोडली नाही. तिथे अ‍ॅपचं छोटं चित्र आलं आणि त्यावर दोनदा क्लिक केलं की खिडकी बंद होत राहिली. साध्या टायटल बारच्या खिडकीत आजही होते. ज्यांना नवीन शिकायचं ते शिकले, ज्यांचा हात जुना होता त्यांचं अडलं नाही. बदल असाही करता येतो. तुम्हीही ऑफिसात तसाच करा.

आता प्रत्यक्ष काय करायचं. ग्नोममध्ये ‘ट्वीक्स’ नावाचं छोटं अ‍ॅप बसवा. बहुतेक प्रमुख वितरणांच्या अधिकृत भांडारात ते असतं. त्यात खिडक्यांच्या टायटल बारच्या विभागात मिनिमाइझ आणि मॅक्सिमाइझ अशा दोन कळा आहेत. त्या चालू केल्या की बटणं लगेच दिसतात, लॉग-आउट करावं लागत नाही. ग्नोमच्या स्वतःच्या हेडर बारवाल्या अ‍ॅप्सनाही ही सेटिंग लागू होते. बटणं डावीकडे हवीत की उजवीकडे हेही तिथेच ठरतं. उबुंटू वापरत असाल तर ही बटणं मुळातच असतात. फेडोरासारख्या वितरणात ग्नोम जसं येतं तसंच दिलं जातं, म्हणून तिथे ती नसतात. ऑफिसात दहा-वीस यंत्रं असतील तर प्रत्येकावर हाताने करू नका. ग्नोमच्या सेटिंग्ज डीकॉन्फ नावाच्या साठ्यात राहतात आणि तिथे सगळ्या वापरकर्त्यांसाठी मूळ सेटिंग एकदाच घालता येते. ती कुलूपबंद मात्र करू नका. ज्याला बटणं नको असतील त्याला काढता आली पाहिजेत.

आणि आता ती दुसरी तक्रार. मिनिमाइझ परत आलं, माणसाने खिडकी खाली घालवली, आणि ती नाहीशी झाली. खाली यादीच नाही. मग तो अ‍ॅप परत उघडतो. काही अ‍ॅप्स दुसरी प्रत उघडतात, आणि एकाच नोंदवहीच्या दोन खिडक्यांत काम सुरू होतं. हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय. म्हणून मिनिमाइझ आणलंत की खिडक्यांची यादीही आणा. ग्नोमच्या स्वतःच्या एक्स्टेन्शन्समध्ये (वरून जोडायच्या सोयींमध्ये) ‘विंडो लिस्ट’ आहे, ती खाली साधी यादी देते. ‘डॅश टू पॅनल’ विंडोजसारखा टास्कबार देतं, पण ते बाहेरच्या मंडळींनी बनवलेलं आहे आणि ग्नोमची नवी आवृत्ती आली की अशी एक्स्टेन्शन्स काही दिवस बंद पडू शकतात. तुमच्या जागी मी असतो तर सर्वात आधी ‘ग्नोम क्लासिक’ बघितलं असतं. लॉग-इन करताना खालच्या कोपऱ्यातल्या दातेरी चाकावर क्लिक केलं की सत्र, म्हणजे कोणता डेस्कटॉप सुरू करायचा ते, निवडता येतं. तिथे ते दिसत नसेल तर भांडारातून बसवावं लागतं. ३.८ आवृत्तीपासून ते आहे, त्यात खाली खिडक्यांची यादी आणि वर दोन्ही बटणं मिळतात, आणि ते ग्नोमवाल्यांनीच सांभाळलेलं आहे. कंपन्यांना लिनक्स पुरवणाऱ्या रेड हॅटने २०१४ च्या आपल्या एंटरप्राइझ लिनक्स ७ मध्ये मूळ सत्र म्हणून हेच दिलं होतं, कारण कंपन्यांमधल्या लोकांचे हात त्यांना माहीत होते.

केडीई प्लाझ्मा हा लिनक्सचा दुसरा डेस्कटॉप वापरायची मोकळीक असेल तर हा प्रश्नच फारसा उरत नाही. तिथे सिस्टिम सेटिंग्जमध्ये टायटल बारची बटणं माउसने ओढून हवी तिथे ठेवता येतात. एकच लक्षात ठेवा : तिथे एखाद्या खिडकीची पट्टी मेनूतून चुकून घालवली जाऊ शकते, आणि पट्टी गेली की मेनूही सापडत नाही. अशा वेळी ऑल्ट आणि एफ३ दाबलं की खिडकीचा मेनू उघडतो आणि पट्टी परत आणता येते. पण निव्वळ दोन बटणांसाठी सगळ्या ऑफिसाचा डेस्कटॉप परत बदलू नका. लोक एकदा हललेत. लगेच दुसऱ्यांदा हलवलंत तर तुमच्यावरचा विश्वास जाईल.

एकेका अ‍ॅपने पट्टी स्वतःकडे घेतली असेल, तर बहुतेक वेळा त्याच्याच सेटिंग्जमध्ये परतीची वाट असते. लिनक्सवरच्या क्रोममध्ये दिसण्याच्या सेटिंग्जमध्ये सिस्टिमची टायटल बार आणि कडा वापरायचा पर्याय आहे. फायरफॉक्समध्ये टूलबार सजवायच्या पानावर, अगदी खाली, टायटल बारची चौकट असते. ती टिक करा. प्रोग्रॅम लिहायच्या व्हीएस कोडमध्ये टायटल बारची पद्धत ‘नेटिव्ह’ करता येते. हिशेबाच्या अ‍ॅपमध्येही ‘दिसणं’, ‘थीम’, ‘प्रगत’ अशा विभागांत आधी हेच शोधा.

तिथे काही सापडलं नाही, तर निदान खिडकी सरकवायचा प्रश्न आजच सोडवता येतो. ग्नोममध्ये विंडोज चिन्हाची की दाबून ठेवा, खिडकीत कुठेही माउस धरा आणि ओढा. पट्टी असो नसो, खिडकी हलते. तुमच्या हिशेबाच्या अ‍ॅपसाठी मी सगळ्यांना पहिली गोष्ट हीच शिकवीन, कारण टॅब आणि शोधचौकट यांच्यामधली चार बोटांची रिकामी जागा नेम धरून पकडायची गरजच राहत नाही. तीच की दाबून एच दाबलं की खिडकी खाली जाते, वरचा बाण दाबला की मोठी होते. ज्या यंत्रांवर विंडोज राहिलंय तिथे याच कीबरोबर वरचा बाण मोठी करतो आणि खालचा लहान. एखादी खिडकी दुसऱ्या पडद्यावर राहिली आणि तो पडदा आता जोडलेला नाही, अशी वेळ आली तर विंडोजमध्ये ऑल्ट-स्पेस, मग एम, मग एखादा बाण एकदा दाबा आणि माउस हलवा. खिडकी बाणाला चिकटून समोर येते.

कीबोर्डचे शॉर्टकट मात्र औषधासारखे सगळ्यांना एकाच वेळी पाजू नका. भिंतीवर वीस शॉर्टकटांचा तक्ता लावलेला मी पाहिलाय. तो कोणी वाचत नाही. ज्याचं जे अडतं त्याला तेवढा एकच शॉर्टकट सांगा, त्याच्या शेजारी बसून, त्याच्याच कामात. पुढच्या आठवड्यात हवा असेल तर दुसरा.

काही माणसांच्या बाबतीत ही सवयीची गोष्टच नसते, आणि तिथे मी वाट बघायला सांगणार नाही. ज्यांचा हात थरथरतो त्यांना ओढायच्या हालचाली, दोनदा क्लिक, कडेला नेऊन सोडणं हे सगळं अवघड असतं. एका क्लिकचं ठळक बटण हीच त्यांची वाट. ज्यांना कमी दिसतं आणि जे पडदा मोठा करून वापरतात, त्यांना माउस वर नेल्यावरच उगवणारी पट्टी सापडतच नाही, कारण ती उगवते ती पडद्याच्या त्यांना त्या क्षणी न दिसणाऱ्या भागात. पडदा वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना बटणाला नीट नाव दिलेलं आहे की नाही यावर सगळं अवलंबून असतं, आणि स्वतःची पट्टी काढणारी अ‍ॅप्स नेमकी तिथे कमी पडतात. तुमच्याकडे असं कोणी असेल तर त्यांचं यंत्र आधी हातात घ्या. एकाच यंत्रावर पाळीपाळीने अनेक जण बसत असतील तर तिथेही बटणं ठेवाच. नवा माणूस बसतो तेव्हा त्याला लपलेल्या हालचाली सांगायला कोणी शेजारी नसतं.

बाकीच्यांसाठी माझी पद्धत अशी. बटणं आणि यादी पहिल्याच दिवशी देतो, म्हणजे काम अडत नाही. मग दोन-तीन आठवडे काही विचारत नाही, फक्त बघतो. कुरकुर दोन प्रकारची असते. एक हळूहळू आपोआप विरते : रंग, चिन्हांची तऱ्हा, मेनूचं नाव. दुसरी तशीच राहते, किंवा बोलणं बंद होतं पण माणूस आडवाटा काढतो. सगळ्या खिडक्या अर्ध्या आकाराच्या ठेवतो, आकडे कागदावर उतरवून घेतो, कागद छापून मग नोंद करतो. अशी आडवाट दिसली की समजायचं, इथे नवीन रचना कामाला बसत नाही आणि ती बदलायला हवी. तोंडी तक्रारीपेक्षा मी या खुणांवर जास्त विसंबतो, कारण काही लोक मोठ्याने बोलतात आणि काही अजिबात बोलत नाहीत.

दोन गोष्टी करू नका. जुनं रूप टिकवायला अपडेट बंद ठेवू नका. सुरक्षेच्या दुरुस्त्याही त्याच वाटेने येतात. जुनं रूप जास्त काळ हवं असेल तर दीर्घकाळ सांभाळली जाणारी आवृत्ती घ्या, लिनक्समध्ये एलटीएस किंवा फायरफॉक्समध्ये ईएसआर. तिथे रूप स्थिर राहतं आणि दुरुस्त्या येत राहतात. दुसरं, विंडोजवर जुना टास्कबार परत आणणारी बाहेरची साधनं मिळतात. घरी जरूर वापरा. ऑफिसात ती डेस्कटॉपच्या आतल्या भागात शिरून काम करतात आणि एखाद्या अपडेटनंतर सकाळी टास्कबारच उघडत नाही असं होऊ शकतं. तशा सकाळी सगळं ऑफिस तुमच्या टेबलापाशी उभं असेल.

हिशेबाच्या अ‍ॅपवाल्यांना लिहिताना ‘जुनं परत द्या’ असं लिहू नका. त्या पत्राचं काही होत नाही. काम लिहा : ‘स्टेटमेंट आणि नोंदी या दोन खिडक्यांत आमचे लोक दिवसभर ये-जा करतात. आवृत्ती बदलल्यापासून मुख्य खिडकीला मिनिमाइझ नाही, ऑल्ट-स्पेसने मेनू उघडत नाही, आणि वरच्या पट्टीत खिडकी धरायला रिकामी जागा उरत नाही. सिस्टिमची टायटल बार वापरायचा पर्याय द्यावा.’ सोबत डेस्कटॉपचं नाव, आवृत्ती, आणि वेलँडचं सत्र आहे की एक्स११ चं (खिडक्या पडद्यावर दाखवायच्या लिनक्समधल्या या दोन पद्धती), तेही लिहा. शेवटचं यासाठी की वेलँडवर ग्नोम अ‍ॅपसाठी पट्टी काढून देत नाही, ती अ‍ॅपनेच काढावी अशी त्याची अपेक्षा असते. केडीई मात्र देऊ करतं. त्यांच्या चाचणीच्या यंत्रावर बटण दिसत असेल आणि तुमच्याकडे नसेल तर कारण बहुधा यातच सापडतं. तुमच्याकडेच तपासायचं असेल तर, सत्र निवडायच्या जागी एक्स११ चा पर्याय दिसत असेल तर एकदा त्यात जाऊन हेच अ‍ॅप उघडून बघा. नव्या आवृत्त्यांत तो दिसेलच असं नाही. तिथे पट्टी आली, तर अ‍ॅपवाल्यांना लिहायच्या पत्रात ते सर्वात वर घाला.